आयत्या ताटाचं कॉलेज

“डॉक्टर, बंबईले आंबा कवा पिकते?”

मासा गायतानं हे विचारलं तेव्हा माझ्या उजव्या हातात सिरिंज होती आणि डाव्या चिमटीत बैलाच्या मानेची कातडी. बैल सागाच्या बुंध्याला आवळून बांधला होता, तरी मागचे पाय झाडत होता. लशीची कुपी फोडून झाली होती. ही लस पावडरीच्या रूपात, बर्फाच्या फ्लास्कातून नागपूरहून यायची. मिठाच्या पाण्यात एकदा कालवली की लगेच टोचायची. उन्हात राहिली तर पाणी टोचल्यासारखंच. आणि अशा वेळी या माणसाला आंबा सुचत होता!

“गायता, आधी बैल धर,” मी ओरडलो. “आंबा कुठी पळून नाई चालला.”

त्यानं बैल धरला. मी सुई टोचली. बैलानं एक हिसका दिला आणि मला धुळीत बसवलं. मी उठून पँट झटकत होतो, तेवढ्यात गायतानं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

गायता म्हणजे माडिया गोंडांच्या गावाचा प्रमुख. गावाचा निवाडाही तोच करायचा आणि गावाच्या देवाची पूजाही. मासा साठीकडे झुकलेला, काटक, कमी बोलणारा. सगळ्यांना अरे-तुरे करायचा. मला करायचा, माझ्या साहेबांनाही केलं असतं. गावाचं नाव मी सांगत नाही. गाव लहान आहे, लगेच ओळखू येईल.

मी तेव्हा चांदा जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर होतो. चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. माझी डिस्पेन्सरी आलापल्लीला. हाताखाली एक कंपाउंडर, एक सायकल आणि समोर जंगलच जंगल. त्या उन्हाळ्यात बुळकांडी आली होती. ही गुरांची महामारी. डोळे-नाक वाहतं, तोंडात फोड येतात, हगवण लागते आणि धडधाकट बैल पाहता पाहता आडवा होतो. एकदा लागण झाली की औषध नाही. ज्यांना झाली नाही, त्यांना टोचून वाचवायचं, एवढंच हातात.

मला माडिया भाषा येत नव्हती. मासाचा मुलगा रैनू माझा दुभाष्या. चांद्याच्या बोर्डिंगात राहून तो सायन्स घेऊन शिकला होता. गावातला पहिलाच. सुट्टीत माझ्याबरोबर गावोगाव फिरायचा. एकदा एका गाईचं वासरू पोटात आडवं अडकलं. माझा हात दुखावलेला होता. मी नुसता बाजूला बसून सांगत गेलो आणि या पोट्ट्यानं खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवलं, ओढून काढलं. वासरू धडपडून उभं राहिलं तेव्हा रैनू रडत होता आणि हसत होता. त्या दिवशी मी ठरवलं, हा डॉक्टर झालाच पाहिजे. आणि झाला की माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला पाहिजे. एकट्यानं एवढं जंगल सांभाळून मी थकलो होतो. ही दुसरी गोष्ट मात्र मी कोणाला बोललो नाही.

आमच्या भागात तेव्हा गुरांच्या डॉक्टरीचं कॉलेज नव्हतं. एक जबलपूरला, एक मुंबईला. मी दोन्हीकडे अर्ज भरायला लावले. इथूनच घोळ सुरू झाला.

आदल्या नोव्हेंबरात, म्हणजे छप्पन साली, राज्यांची नवी वाटणी झाली होती. रात्री आम्ही मध्य प्रदेशात झोपलो आणि सकाळी मुंबई राज्यात जागे झालो. डिस्पेन्सरीच्या पाटीवरचं जुन्या सरकारचं नाव खरवडलं गेलं, नवं रंगवायला पेंटर मिळेना, म्हणून कित्येक महिने आमची पाटी बिनसरकारची होती. आता सवय कुठं एवढ्यात जाते? जबलपूरच्या फॉर्मवर राज्याच्या रकान्यात मी डोळे मिटून मध्य प्रदेश लिहून दिलं. तिकडून उत्तर आलं की आपला विद्यार्थी परराज्यातला आहे, याची नोंद घ्यावी. अरे बाप्पा! कालपर्यंत ज्यांच्या तिजोरीतून माझा पगार निघत होता, त्यांना आज आम्ही परके झालो.

पण जागा त्यांनी दिली. रैनूचे मार्क चांगले होते, म्हणून मेरिटची स्कॉलरशिपही दिली. स्कॉलरशिपमध्ये फी आणि पुस्तकं निघणार होती. फक्त परराज्यातल्या मुलांना हॉस्टेलच्या मेसमध्ये जागा नव्हती. मागच्या बाजूला कोठीवजा खोल्या होत्या, तिथं राहायचं आणि आपला स्वयंपाक आपण करायचा. बाँडबिंड काही नाही.

मुंबईचं पत्र म्हणजे राजेशाही थाट. जागा राखीव, हॉस्टेल फुकट, मेस फुकट, वर खर्चाला स्टायपेंड. बदल्यात बाँड. बाँड म्हणजे लेखी करार, शिकून झालं की ठरावीक वर्षं आपल्याच राज्यात नोकरी करायची. मला तर तो बाँड वाचूनच आनंद झाला. शिवाय मी स्वतः मुंबईला, परळला शिकलेलो. तिथली लॅबोरेटरी, तिथले प्रोफेसर, तिथलं जेवण, सगळं मी रैनूला रंगवून रंगवून सांगितलं होतं.

चांद्याला आमचे साहेब नवीन आलेले. नव्या राज्याबरोबर आले, पुण्याचे.

“मुंबईच घ्या,” ते म्हणाले. “यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“तसं जबलपूर जवळ पडते साहेब. इथून छोट्या लाईनच्या गाडीत बसला की गोंदियावरून सरळ...”

“जवळ असेल. परराज्य आहे.”

“आणि मुंबई?”

“आपलं राज्य.”

“पोरानं मुंबईचं नाव बिस्किटाच्या डब्यावर वाचलंय फक्त.”

“हे बघा,” साहेब चष्मा काढून म्हणाले, “जबलपूरहून पास झाला की तिकडचं सरकार त्याला तिकडंच चिकटवून घेईल. मग तुम्ही बसा हात चोळत. आहे का तयारी?”

तयारी नव्हती. साहेबांचं मला शंभर टक्के पटलं. फक्त घरच्यांची संमती आणायची बाकी होती आणि तीही लवकर आणायची होती. पाऊस लागला की आष्टीजवळ वैनगंगेला पूर यायचा. पूल नव्हता. डोंगा बंद पडला की आमचा भाग जगापासून तुटायचा.

त्याच आठवड्यात रैनू आमच्या घरी जेवायला होता. बायकोनं हौसेनं आमरस केला. रैनूनं वरण-भात मागून मागून खाल्ला. पोळ्या खाल्ल्या. रसाची वाटी मात्र बाजूला सारली.

“काऊन रे?” बायकोनं विचारलं. “माह्या हातचा रस नाई आवडत का तुले?”

“तसं नाई बाई.”

“मंग?”

“अजून नाई खात.”

“अजून म्हणजे? आंबे सरल्यावर खाशीन का?”

वाटी तशीच राहिली. तो गेल्यावर बायको माझ्यावरच उखडली. आजवर लोक या पोरांना पंगतीत घ्यायला कां-कू करायचे आणि इथं हाच आमच्या घरचं नाकारतो म्हणजे काय? मी काय उत्तर देणार कप्पाळ! पोटात दुखत असेल म्हणालो. ती म्हणाली, पोटात दुखणारा एवढा भात खात नाही.

तर अशा डोक्यानं मी लशीचा फ्लास्क घेऊन रैनूच्या गावी गेलो होतो. गावात शिरतानाच नवल दिसलं. आंब्याखाली पिकल्या आंब्यांचा सडा पडला होता. पाखरं खात होती, डुकरं खात होती. पोरं मात्र बाजूनं निघून जात होती. एरवी जंगलातली पोरं आंबा जमिनीला लागू देत नाहीत. मी एक उचलला, धोतराच्या सोग्याला पुसावा तसा शर्टाला पुसला आणि चोखत चोखत गावात गेलो. पोरं माझ्याकडे टकामका पाहत राहिली. एक म्हातारी हसली. मला वाटलं, माझ्या हॅटला हसली.

टोचणी संपली. कोणी मोहाच्या झाडाखाली बाज टाकली. गाव गोळा झालं. रैनूची आई जुरी एका बाजूला येऊन बसली. मी मुंबईचं पत्र काढलं, तेवढ्यात गायतानं तिसऱ्यांदा आंब्याचं विचारलं. म्हटलं, याच्या डोक्यात आंबाच असेल तर आंब्यापासून सुरुवात करू. मुंबईबद्दल गोडी तर लागेल.

“बंबईले ना? अरे, तिथी फागुनातच आंबा येते. तुमच्या इथी कैरी बोटाएवढी असते, तवा तिथी लोक रस ओरपते!”

गायतानं ते माडियात लोकांना सांगितलं.

“अन् शेंगा?”

“शेंगा बारा महिने. जवा पायजे तवा.”

“नवा तांदूळ?”

“दहा ठिकानचा येते. नवा का जुना, कोनाले पत्ता!”

“रांधते कोन?”

“तेच त सांगून राह्यलो तुले. मेस असते. पोराले काई करा लागत नाई. आयतं ताट समोर येते. का शिजलं, कसं शिजलं, विचारा बी लागत नाई!”

प्रत्येक वाक्य गायता लोकांना सांगत होता आणि प्रत्येक वाक्याला लोकांचे चेहरे पडत होते. मी आणखी जोर लावला. दूध म्हणालो. हेही चुकलंच, कारण माडिया लोक गाईचं दूध काढत नाहीत, ते वासराचं असतं असं मानतात. जुरी उठली आणि पदर झटकून घराकडे निघून गेली. रैनू जमिनीकडे पाहत होता.

“अन् जबलपूरले?” गायतानं विचारलं.

“जबलपूरचं नाव नोको काढू! तिथी नुसते हाल हाय. आंबा उशिरा, बाकी सगळं बी उशिरा. मेस नाई. सोता लाकडं आना, सोता चूल पेटवा, सोता रांधा.”

“सोता?”

“सोता.”

“घरून तांदूळ नेला त चालते?”

“चालते का म्हंजे? न्यावाच लागन. कोन बसलं त्याले तिथी द्याले!”

गायतानं हे लोकांना सांगितलं आणि तिथं असा काही गलका झाला की मी दचकलो. म्हातारे माना हलवत होते. कोणीतरी जुरीला हाक मारली. गायता माझ्याकडे वळून म्हणाला, “मंग तेच.”

“तेच कोनतं?”

“जबलपूर.”

मी रैनूकडे पाहिलं. “तू बराबर सांगून राह्यला ना यांना? उलटंपालटं त नाई झालं?”

“बाबानं सोताच सांगतलं, डॉक्टरसाहेब. मी त तोंड बी नाई उघडलं.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. फुकट जेवण. फुकट खोली. स्टायपेंड. नोकरीची हमी. आपलं राज्य. गायतानं शांतपणे ऐकलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, “तू चांगला मानूस हाय. तूच सांगतलं बंबई खराब हाय म्हून.” मी कपाळावर हात मारून घेतला. मी आणि मुंबईला खराब म्हणालो!

परतताना ओढ्यावर सिरिंज धुवायला थांबलो. सुया उकळायला कंपाउंडरनं काटक्या पेटवल्या. मी रैनूला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, “हा काय प्रकार आहे? आंब्याचं काय घेऊन बसलात तुम्ही लोक?”

तो पाण्यात खडे टाकू लागला.

“आमच्यात नवं काई पिकलं ना, त पहिले देवाले देते,” तो म्हणाला. “त्याले पंडुम म्हनते. आंब्याचा पंडुम झाला का मंगच गाव आंबा खाते. शेंगाचा पंडुम अलग. नव्या धानाचा अलग. बाबाच करते सगळे.”

“मग यंदाचा आंब्याचा झाला नाही का?”

“गुरांवर बिमारी हाय ना. बिमारी हाय तोवर पंडुम नाई लावत.”

मग ते झाडाखालचे आंबे. मग तो रस. मी बायकोचं तोंड आठवून मनात म्हटलं, बरं झालं कळलं, नाहीतर हा विषय घरात वर्षभर पुरला असता.

“आणि आधी कोणी खाल्लं तर?”

“त गावावर येते. वाघ येते. गुरं मरते. दुसऱ्या कोनी खाल्लं त दंड भरते, कोंबडा देते. गायताच्याच पोरानं खाल्लं त...”

“पण मी तर खाल्ला!”

“तुमी बाहेरचे. तुमचं चालते.” तो जरा हसला. “आयतोबी म्हनत होती, डॉक्टरले भूक लागली असन.”

आयतोबी म्हणजे ती म्हातारी. माझ्या हॅटला हसली नव्हती तर.

“चांद्याला काय करायचास तू?”

“बांबूचे ट्रक जाते ना आमच्या गावाहून कागद कारखान्यात. ड्रायव्हर बोर्डिंगापाशी थांबून सांगे, तुह्या गावात आंबा सुटला म्हून. मंग खावो. पोट्टे हसे मले.”

आता मला तोडगा दिसला. मी खूश होऊन म्हणालो, “अरे मग एवढंच ना! मी मुंबईला पोस्टकार्ड टाकत जाईन. पंडुम झाला की कार्ड. मिटलं!”

“आंबा दिसते, डॉक्टरसाहेब. दिसते तवा नाई खाल्ला. पन आमटीत कैरी टाकली, नव्या तांदळाचा भात वाढला, त मले कसं समजन? तुमीच सांगतलं का विचारा बी लागत नाई.” त्यानं आणखी एक खडा पाण्यात टाकला. “अन् खरं सांगू? मले माहाच भरोसा नाई. मले मुंबई पाहाची हाय. लई पाहाची हाय. तिथी चार पोट्टे खाऊन राह्यले, ताट समोर हाय, कोनी पाहून नाई राह्यलं. मी खाऊन टाकीन. मंग इकडं एक बी बैल मेला, त मले वाटन माह्यानंच मेला. मी इथी सुई घेऊन कोन्या तोंडानं येऊ?”

मी त्याच्यावर चिडलो. “अरे, बुळकांडी विषाणूनं होते! आंब्यानं नाही! सायन्स शिकलास ना तू?”

“हो. पेपरात तसंच लिहिलं. मार्क बी भेटले.”

“मग?”

“मंग काई नाई.”

आता याच्यापुढं माणूस बोलणार काय? विषाणू त्याला माझ्याइतकाच मान्य होता. पंडुमही मान्य होता. दोन्ही एका डोक्यात सुखानं नांदत होते आणि डोकं माझं फुटायची वेळ आली होती. मला त्याचा राग आला. रागावण्यासारखं त्यानं काहीच केलं नव्हतं, म्हणून आणखी आला. पोटातून वाईटही वाटत होतं, कारण मला स्पष्ट दिसत होतं की हा पोरगा माझ्या हातून चालला.

गंमत म्हणजे मी घरी एक कागद केला होता. डाव्या बाजूला मुंबई, उजव्या बाजूला जबलपूर, खाली फायदे-तोटे. जबलपूरच्या तोट्यांत सगळ्यात वर ‘मेस नाही’ असं लिहून मी खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याच दोन रेघांवर सगळं गाव खूश झालं होतं. स्वतःची चूल म्हणजे हंडीत काय पडतं ते स्वतःच्या डोळ्यांसमोर.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं.

“म्हंजे माह्या रसात काई खोट नव्हती तर!” ती पहिल्यांदा हेच म्हणाली. मग भांडी आवरता आवरता म्हणाली, “मंग पाठवा ना जबलपूरले. अडलं कुठी?”

“बाँड नाही तिथं. परत येईलच असं नाही.”

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “तुमाले तो पोट्टा डॉक्टर कराचा हाय, का तुमचा असिस्टंट कराचा हाय?”

मी तिच्यावर खेकसलो. दुसरं काय करणार? खेकसून झाल्यावरही प्रश्न तिथंच होता. मुंबईच्या फॉर्मवर माझी शिफारस लागणार होती. मी मनात आणलं असतं तर गायताला गुंडाळून, रैनूला दरडावून मुंबईला धाडता आलं असतं. तो गेला असता. माझं ऐकायचा तो. आणि पहिल्याच फागुनात आयत्या ताटापुढं बसून घुसमटला असता. मी जबलपूरला होकार कळवला. पत्र पेटीत टाकताना दोनदा हात मागं घेतला, हेही सांगून टाकतो.

साहेबांनी मला चांद्याला बोलावून घेतलं.

“राज्याची राखीव जागा आपण वाया घालवली. कारण लेखी द्या.”

मी तिथंच बसून लिहिलं की जबलपूर येथे भोजनाची व्यवस्था नसल्यामुळे विद्यार्थ्याने ते कॉलेज पसंत केले.

साहेबांनी वाचलं. “असल्यामुळे, म्हणायचंय ना तुम्हाला?”

“नाही साहेब. नसल्यामुळे.”

“नसल्यामुळे पसंत?”

“हो.”

मी सगळं सांगितलं. पंडुम, बांबूचे ट्रक, आमटीतली कैरी. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवून नीट ऐकलं. ऐकून झाल्यावर माझा कागद पुन्हा वाचला.

“मला थोडं थोडं समजतंय,” ते म्हणाले. “पण हे फाइलला लागणार आहे हो.” आणि पेन काढून त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली. सरकारी दप्तरात आजही असंच असेल की जबलपूरला जेवणाची सोय उत्तम होती, म्हणून आमचा मुलगा तिकडं गेला.

रैनू पूर यायच्या आत नदीपार झाला. मी आष्टीपर्यंत सोडायला गेलो होतो. जुरीनं मागल्या वर्षीच्या तांदळाचं पोतं भरून दिलं होतं. गायता डोंग्यापर्यंत आला आणि मुलाशी माडियात चार शब्द बोलला. काय म्हणाला, मी रैनूला विचारलं.

“म्हनते, तुह्या हातानं जनावर मेलं त लाजू नोको. शिकनाऱ्याच्या हातानं मरते. पन आमच्या पहिले खाल्लं त मले सांगाले नोको येऊ, मी तुले इचारनार नाई.”

डोंगा निघाला. जुरी रडली नाही. मीच रडलो, आणि कंपाउंडर दुसरीकडे पाहत राहिला.

बुळकांडी पावसाआधी ओसरली. लागण झालेली गुरं गेली, टोचलेली बहुतेक वाचली. पंडुम झाला. गायतानं माणूस धाडला आणि मी जबलपूरला कार्ड टाकलं, ‘आंबा सुटला.’ पुढं शेंगा सुटल्या, नवं धान सुटलं. तांदूळ संपत आला की एखाद्या ट्रकवाल्याबरोबर जुरीचं पोतं चांद्याला जाई, तिथून रेल्वेनं पुढं. आमच्या पोस्टमास्तरनं एकदा कार्ड उलटसुलट करून विचारलं, “डॉक्टरसाहेब, हे काही गुप्त तर नाही ना? राज्यं नवी आहेत, म्हणून विचारलं.” मी म्हटलं, सरकारी खात्याचाच पत्रव्यवहार समजा.

रैनू पास झाला, चांगला पास झाला. आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं. मध्य प्रदेशानं त्याला मंडल्याकडे नेमणूक दिली. तिकडंही गोंडांची वस्ती, त्याची भाषा चालायची, त्याचं मन रमलं. वर्षातून एकदा आंब्याच्या पंडुमला घरी यायचा, मला भेटून जायचा. माझ्या शेजारची खुर्ची माझी बदली होईस्तोवर रिकामी राहिली. पावसात सायकल खांद्यावर घेऊन ओढे ओलांडताना मी जबलपूरच्या नावानं किती बोटं मोडली असतील, ते माझं मला माहीत.

बदली झाल्यावर निरोप घ्यायला गायताकडे गेलो. तो खुशीत होता.

“पोरगा साहेब बी झाला, अन् आपला बी राह्यला,” तो म्हणाला.

“तुहा राह्यला गायता,” मी म्हणालो. किती वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. “माह्या हातचा त गेला.”

तो माझ्याकडे नवलानं पाहत राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

“तुह्या हातचा कवा होता?” त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडचं पाणी प्यालो आणि निघालो.

पुढं बरेच जण दोन-दोन कॉलेजांची पत्रं घेऊन माझ्याकडे आले. आता मी कोणालाच फायदे सांगत नाही. दोन्हीकडच्या अडचणी तेवढ्या सांगतो आणि गप्प बसतो. ज्याचं ज्या अडचणीशी जमतं, ती तो बरोबर उचलतो. त्यात माझी सोय आहे की नाही, ते कोणी विचारत नाही आणि विचारूही नये.